कोणाचा पाय दुखतो?



कार्तिकात जोडेघाटला जायचं आणि तिथून पुढे जंगलातला डोंगर चढायचा, असं आपल्या वांकिडीच्या सत्संगात ठरलंय, हे बहुतेकांना ग्रुपवर कळलंच आहे. दोन दिवस नुसती चर्चा चालू होती. नाश्त्याला पोहे की उपमा, गाड्या किती, टी-शर्ट एकसारखे घ्यायचे का. शंभराच्या वर मेसेज झाले. पण माथ्यावरून परत किती वाजता फिरायचं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

त्यावरून मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटतेय. चार वर्षं मी ती कोणाला खरी खरी सांगितली नव्हती. सेवा म्हणून ह्या पत्रिकेची जुळवाजुळव मीच करते, त्यामुळे लपवायची सोयही माझ्याच हातात होती बघा.

तेव्हा आम्ही तेवीस जण अशाच एका डोंगरावर गेलो होतो. वाट दाखवायला जवळच्या गुड्यातले एक गोंड आजोबा होते. निघताना त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "कोणाचा पाय दुखतो?" सगळे हसले. त्यांनी परत विचारलं. माझा डावा गुडघा आदल्या रात्रीपासून ठणकत होता, मी दोनदा बाम लावला होता, पर्समध्ये गोळी होती. मी म्हटलं, "चला आजोबा, सद्गुरू आहेत पाठीशी."

चढताना निभावलं. उतरताना गुडघा चालेना. मी दर दहा पावलांवर फोटो काढायचं निमित्त करून थांबायची. शेवटी एका दगडावर बसले ती उठताच येईना. तोवर पुढची तरुण पोरं दिसेनाशी झाली होती आणि दोनच टॉर्च होते, ते दोन्ही त्यांच्याकडे. मोबाईलला रेंज नाही. साडेपाचनंतर जंगलात जो अंधार पडतो तो गावातल्या अंधारासारखा नसतो. माझ्यासोबत जाऊबाई होत्या आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू. तो पोरगा एक शब्द बोलला नाही, फक्त माझ्या पदराचं टोक धरून बसला. आजोबाच परत वर आले, काठी कापून दिली, आणि आम्ही रात्री आठला खाली पोचलो.

खाली पोचल्यावर सगळे म्हणाले, "काकू, काय तुमची श्रद्धा! एवढा पाय दुखत असून माथ्यापर्यंत आलात!" आणि मी ते कौतुक घेतलं. हात जोडून, मान खाली घालून, छान घेतलं. गुडघा महिनाभरात बरा झाला. ते कौतुक मात्र अजून बोचतं.

कारण माझ्या त्या "श्रद्धे"ची किंमत त्या पोरानं दिली होती. आपल्या भागात वाघ म्हणजे गोष्टीतला वाघ नाही. ताडोबाकडून कागजनगरच्या जंगलात वाघ येतात-जातात. 2022 च्या नोव्हेंबरात आपल्याच मंडलात एक शेतकरी वाघानं मारला. हे मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिले.

का गप्प राहिले, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मग एकदा पारायणात महाभारतातलं महाप्रस्थान आलं. पांडव हिमालय चढत निघालेत. आधी द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. दरवेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? आणि युधिष्ठिर मागे न वळता कारण सांगतो. द्रौपदीचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं. सहदेवाला शहाणपणाचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. अर्जुनानं बढाई मारली, भीमानं फार खाल्लं. म्हणजे जो पडला त्याचा काही ना काही दोष निघाला. दम लागला, थंडी वाजली, वय झालं होतं, हे कोणाच्याच बाबतीत नाही.

मोठ्यांच्या ग्रंथावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण तिथे मला माझं उत्तर सापडलं. जो मागे पडतो त्याचं आपण प्रारब्ध काढतो, श्रद्धा मोजतो, निदान "वजन कमी करा हो ताई" एवढं तरी म्हणतोच. मग कोण सांगेल की पाय दुखतोय? पडेपर्यंत कोणी सांगत नाही. घरातही हेच. ताप अंगावर काढून स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण सोशिक म्हणतो. आडवी झाली की म्हणतो, आधी सांगितलं का नाही.

पण तोच युधिष्ठिर पुढे स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसतो. हा सोबत आलाय, ह्याला टाकून मी येत नाही. पुढे तर भाऊ आणि द्रौपदी जिथे आहेत तिथेच मी राहीन, मग तो नरक का असेना, असंही म्हणतो. मला वाटतं, वाटेत जे त्याला जमलं नाही ते त्यानं दारात केलं. आपल्याला मात्र ते वाटेतच जमवायला हवं, आपण काही त्या दारापर्यंत निघालेलो नाही. संध्याकाळी सातला वांकिडीत परत यायचंय, दुसऱ्या दिवशी पोरांचे डबे आहेत.

एक गुरुबंधू परवा म्हणाले, एवढं मोजमाप कशाला, भरवसा ठेवा. त्यांचा मान राखून सांगते. आळंदीहून पंढरपूरला माउलींची पालखी जाते. कुठे विसावा, कुठे मुक्काम, सगळं ठरलेलं असतं, आणि दिंड्यांचे क्रमही ठरलेले असतात. वारकऱ्यांचा भरवसा कमी म्हणून नव्हे. लाखो माणसं चालतात, त्यात म्हातारी असतात, लेकुरवाळ्या असतात.

आणि इंग्रजांच्या देशातला तो शॅकल्टन. 1909 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुव जेमतेम 180 किलोमीटरवर राहिला होता. तोवर तिथे कोणी पोचलंही नव्हतं. शिधा संपत आला होता म्हणून तो तिथून मागे फिरला, आणि सोबतचे तिघे जिवंत घरी आले. उलट एव्हरेस्टवर 1996 च्या मे महिन्यात दुपारी दोनला परत फिरायचं, ही वेळ बऱ्याच जणांनी पाळली नाही. वादळात आठ माणसं गेली. ती काही अडाणी नव्हती. माथा समोर दिसत असला की घड्याळ दिसत नाही, बस.

चढाईचा हिशोब करायची एक जुनी पद्धत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकानं 1892 मध्ये सांगितलेली. सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा सहा किलोमीटर वाट आणि तीनशे मीटर चढ असेल, तर पावणेदोन तास. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा. आपल्यात आजी आहेत, शुगरवाले आहेत, दर वळणावर सेल्फी आहे. आपण दुप्पट धरू. आणि वन विभागाची परवानगी आधी, गाड्या नंतर. जोडेघाट ही कुमुरम भीमांची जागा आहे. 1940 मध्ये ते तिथेच निझामाच्या पोलिसांशी लढताना गेले, दर आश्विन पौर्णिमेला गोंड बांधव तिथे जमतात. डोंगरातली वाट आणि डोंगरातला देव दोन्ही त्यांचे. आपण पाहुणे. विचारून जायचं, स्पीकर न्यायचा नाही.

आता खरा अवघड भाग. जंगलात एकमेकांना सोडायचं नाही, म्हणजे एक फिरला की सगळे फिरणार. मी खरं सांगितलं आणि अर्ध्या वाटेत थांबले, तर एकोणीस वर्षांच्या पोरीचा माथा माझ्या गुडघ्यामुळे हुकणार. हे न्यायाचं आहे का? मग मी जाऊच नये का? पण खरं बोलणारीचं नाव यादीतून गळायला लागलं, तर पुढच्या वेळी पुन्हा सगळ्याच गप्प बसतील. दोन्हीकडून मी अडकते. जाऊबाई म्हणतात, दोन तुकड्या करा, दोघींना वेगळा वाटाड्या, आणि हळू तुकडीचा माथा वेगळा ठरवा, मधलं पठार म्हणा. मला हे पटतं, पण मनातून टोचतं, कारण मला खरा माथा बघायचाय.

यादी ग्रुपवर टाकली आहे. नावापुढे वय, औषधं आणि दुखणं लिहायचं आहे. सद्गुरूंच्या कृपेनं काही नाही, असं कृपा करून लिहू नका. परत फिरायची वेळ दुपारी बारा, माथा आला तरी आणि नाही आला तरी. टॉर्च दर चौघांत एक, आणि एक टॉर्च सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे.

पहिलं नाव माझंच आहे. पुढे लिहिलंय, डावा गुडघा. सुनेनं त्याखाली विचारलंय, "आई, मग पठारापर्यंत की वरपर्यंत?" तिला अजून उत्तर टाकलेलं नाही.