नावाचा अधिकार : रथकार आणि इंटिरियर डिझायनर

व्यवसायाचे नाव लावण्याचा हक्क काम केल्याने मिळतो की मान्यतेने, हा प्रश्न पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, रथकाराच्या निमित्ताने चर्चिला गेला आहे. अग्न्याधानासाठी, म्हणजे यज्ञाग्नीच्या स्थापनेसाठी, ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म आणि वैश्याला शरद हे ऋतू नेमून दिलेले. त्याच ओघात रथकाराला वर्षाऋतू सांगितला आहे. हा रथकार कोण? रथ करील तो रथकार, असा यौगिक अर्थ घेतला तर तिन्ही वर्णांतला रथ घडवणारा कोणीही त्यात बसतो. मीमांसकांनी तो अर्थ नाकारला. रथकार ही विशिष्ट जात, हा रूढ अर्थच त्यांनी धरला. रूढी योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा, बलवान मानली. म्हणजे रथ घडवणारा वैश्य रथकार नव्हे, आणि त्या जातीतला माणूस रथाला हात न लावताही रथकारच. कुलकर्णी आडनावाच्या माणसाला आज गावचे दप्तर सांभाळावे लागत नाही, तसेच हे.

आज हाच प्रश्न कायद्यापुढे येतो. भारतात १९७२च्या वास्तुविशारद कायद्याचे ३७वे कलम नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले की ही बंदी बिरुदावर आहे, कामावर नाही. इंटिरियर डिझायनरसाठी असा केंद्रीय कायदाच नाही. त्यांची राष्ट्रीय संस्था, आयआयआयडी, १९७२पासून आहे. पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक. पदवी घेऊन आलेला आणि सुतारकामातून वर आलेला, दोघेही दारावर एकच पाटी लावू शकतात. इथे यौगिक अर्थाचेच राज्य आहे.

अमेरिकेतल्या टेक्सासात उलटे होते. तिथे हे काम कोणालाही करता येई. ‘इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घ्यायला मात्र नोंदणी लागे. २००९मध्ये फेडरल अपील न्यायालयाने या बंधनाविरुद्ध कौल दिला : जो हे काम करतो त्याने ते नाव सांगणे ही मुळात दिशाभूल नव्हे. मीमांसकांचा निर्णय इथे उलटा फिरला.

नाव राखून ठेवण्याच्या बाजूने सुरक्षेचा मुद्दा मांडला जातो : चटकन पेट घेणारे पडदे, अडवलेली बाहेर पडायची वाट, चुकीची वायरिंग. धोका खराच आहे. पण नाव राखल्याने तो टळत नाही, कारण बिरुद नसलेला माणूस तेच काम ‘डेकोरेटर’ या नावाने करतो. शिवाय जुन्या रथकाराची रूढी जन्माने ठरली होती, नवी रूढी शिक्षण, अनुभव आणि परीक्षा यांनी ठरते. ती कमावता येते, एवढा तिचा पक्ष बळकट. ग्राहकाला ही पात्रता कळावी, ही अपेक्षाही रास्त आहे. त्यासाठी सर्वांच्या तोंडचा शब्द हिरावून घेण्याचे कारण नाही. टेक्सासने त्याच वर्षी कायदा बदलून फक्त ‘नोंदणीकृत इंटिरियर डिझायनर’ हे नाव राखून ठेवले. विशेषण पारिभाषिक झाले, मूळ नाव काम करणाऱ्यांकडे राहिले.