डॅक आणलास, कान कुठे ठेवलेस?

परवा तुझ्या घरी गप्प बसलो, कारण समोर तुझी आई होती. आता ऐक.

"सर, एवढा महागाचा डॅक लावला, पण काही फरकच नाही." हे तू मला तीनदा ऐकवलंस. मला? सॅम्पलिंग तुला शिकवलं कोणी? सीडीला सेकंदाला ४४,१०० नमुने का लागतात, हे वर्गात उभं राहून फळ्यावर मांडणारा तूच होतास ना? आकड्यांतून २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता परत मिळतो, आणि आकड्यांचा आवाज करणं एवढंच डॅकचं काम, हे तेव्हा तुला कळत होतं. ती अक्कल कुठे गहाण टाकलीस?

तुझ्या दिवाणखान्यात मी काय पाहिलं ते सांगतो. गाणं फोनमध्ये. ॲपमध्ये डेटा वाचवायची सेटिंग चालू. तिथून ब्लूटूथने डॅककडे. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथचं साधं एसबीसी ३२८ च्या आसपास दम टाकतं. ॲपने एकदा पिळलेलं गाणं तू ब्लूटूथकडून पुन्हा पिळून घेतोस आणि डॅकला विचारतोस, रस कुठाय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यूएसबी वायर खोक्यात होती. खोक्यातच आहे.

पुढे बघ. डॅकच्या मागची आरसीए वायर तू खुपसलीस होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये. तो रिसीव्हर काय करतो? आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो, खोलीच्या हिशेबाने त्यांत फेरफार करतो, सबवूफरचा वाटा वेगळा काढतो, आणि स्वतःच्या पोटातल्या डॅकने त्याचा परत आवाज करतो. शेवटचा हात त्याचाच! तुझा डॅक मधल्यामध्ये हमाली करतोय. रिमोटवर 'प्युअर डायरेक्ट' असं ठळक बटण आहे. ते दाबलं की हा फेरा चुकतो. माहितीपुस्तिका उघडलीस? तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा तू फाडलेलं नाहीस. वेळ नाही म्हणतोस. डॅकची परीक्षणं बघायला रात्री दोनपर्यंत वेळ होता. ही दहा मिनिटं मात्र जड झाली?

आणि तो उजवा स्पीकर! लाल तार काळ्या टोकाला, काळी लालला. मी आत पाऊल टाकलं तेव्हाच कळलं. बालगंधर्वांची जुनी तबकडी चालू होती. ती मोनो आहे. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज येतो, म्हणजे गळा दोहोंच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तुझ्याकडे तो भिंतीभर सांडला होता, आणि डग्ग्याची घुमक पार गेली होती. एक स्पीकर पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तुला हे ऐकू आलं नाही? आलं होतं. "काहीतरी पोकळ वाटतं" असं तूच म्हणालास. पण सोफ्यामागे वाकून बघण्यापेक्षा नवं खोकं मागवणं सोपं होतं, म्हणून तू खोकं मागवलंस.

वर मिरवतोस काय, तर हा डॅक १९२ किलोहर्ट्झ घेतो. त्यात तू वाजवतोस अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आरपीएमची तबकडी. तिच्यात १० किलोहर्ट्झच्या वर गाणं नाही, सुईची खसखस आहे. माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० किलोहर्ट्झपाशी थांबतो, आणि तू चाळिशी ओलांडलीस. कोणासाठी चाललंय हे?

"पण लॅपटॉपला लावल्यावर फरक कळला होता, सर." कळणारच! लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेतून जेमतेम एक व्होल्ट निघतो, डॅकमधून दोन. दुप्पट व्होल्ट म्हणजे सहा डेसिबल जास्त. जरा मोठा आवाज कानाला सहसा गोड लागतो. प्रयोग करायचा तर नीट कर. १०० हर्ट्झचा सूर लाव, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्ट मोज, आणि दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळव. मग तू पाठ करून बस आणि बायकोला अदलाबदल करू दे. फरक ऐकू आला तर मला फोन कर, मी मान्य करीन. हे मी तुला शिकवायचं? प्रयोगवहीत 'दोन मोजमापांत एकच गोष्ट बदलावी' असं तुझ्याच अक्षरात लिहिलेलं मी तपासलंय.

डॅक वाईट नाही. तो कुठे कामाला येतो तेही तुला ठाऊक आहे, राग त्याचाच येतो. लॅपटॉपच्या खाचेतून माउस हलवला की किरकिर येते, तिथे तो हवा. ज्या टीव्हीला फक्त ऑप्टिकलचं भोक आहे तिथे हवा. तेवढं टीव्हीत पीसीएम निवडायचं, नाहीतर डॉल्बीचे आकडे साध्या डॅकला उमगत नाहीत आणि तो मुका बसतो. आणि तो हवा जुन्या, दणकट, दोन चॅनलच्या ॲम्प्लिफायरला, ज्याला डिजिटल तोंडच नाही.

असा ॲम्प्लिफायर तुझ्या घरात आहे. बाबांचा. व्हॉल्यूमचं बटण खरखरतं म्हणून तू तो माळ्यावर टाकलास. खरखर म्हणजे बटणामागे साठलेली धूळ. वायर काढायची, कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारायचे, बटण वीसदा इकडून तिकडे फिरवायचं, वाळू द्यायचं. तेवढ्यासाठी बाबांची वस्तू अडगळीत? त्यांच्या सीड्या कपाटात कुलूपबंद, आणि तू डेटा वाचवतोस!

येत्या रविवारी चार वाजता येतोय. उजव्या स्पीकरच्या तारा त्याआधी सुलट झालेल्या हव्यात. ॲम्प्लिफायर खाली आलेला हवा, आणि डॅकची वायर त्याच्या 'ऑक्स'मध्ये. 'फोनो'त घालशील तर खबरदार, ते भोक सुईच्या मिलिव्होल्टांसाठी आहे. बाबांची एक सीडी लॅपटॉपवर उतरवून ठेव. कोणती, ते आईला विचार. मल्टिमीटर मी आणणार नाही. दुसऱ्या वर्षी पहिला आलास तेव्हा मी तुला एक दिला होता. तो शोध आणि त्यात नवे सेल घाल.