आम्हांला तुझी गरज आहे



मार्कलिखित शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडतात. येशू पाहतो तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. आजाऱ्याने स्वतः काही मागितल्याचे तिथे लिहिलेले नाही.

अमेरिकेतील रॉकी ब्लायर हा कॅथलिक घरातील मुलगा. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा तो 1967 साली कर्णधार होता. (हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना रेटत धावण्याचा खेळ.) 1968 साली पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले आणि त्याच वर्षी सक्तीच्या लष्करी भरतीत त्याचे नाव आले. 20 ऑगस्ट 1969 रोजी व्हिएतनाममध्ये त्याच्या डाव्या मांडीत गोळी घुसली, मग हातबॉम्बने उजवा पाय फाटला. आता खेळणे विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले.

इस्पितळात त्याला एक साधे पोस्टकार्ड आले. संघाचे मालक आर्ट रूनी यांनी मोजक्या शब्दांत कळवले होते : संघाचे बरे चाललेले नाही, आम्हांला तुझी गरज आहे. त्या मोसमात संघाने 14 पैकी एकच सामना जिंकला होता, हे खरे. पण जखमी पायाच्या खेळाडूने तो सावरला असता का? तरीही रूनींनी लिहिले.

कार्डाने पाय बरा झाला नाही. रॉकी लंगडत परतला, संघातून वगळला गेला, पुन्हा आला. 1974 साली त्याला नियमित जागा मिळाली. फ्रँको हॅरिस या सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे, हे त्याचे मुख्य काम. तरी 1976 च्या मोसमात तो स्वतः 1,036 यार्ड धावला. चार सुपर बोल जिंकणाऱ्या संघात तो होता.

बंधुभगिनींनो, प्रत्येकाचा पाय बरा होतोच असे नाही. रणांगणावरून कित्येक जण परतलेच नाहीत. पण आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्यांना आपण काय सांगतो? "आराम करा, काळजी घ्या." शब्द मायेचे, पण त्यांतून "तुमच्यावाचून आमचे अडत नाही" असेही ऐकू जाते. या आठवड्यात अशा एका घरी जाऊ या. आजीला सांगू या, "आमच्या मुलांची परीक्षा आहे, तुमची रोझरी हवी." निवृत्त गुरुजींना विचारू या, "मुलांना वाचन शिकवाल?"

खाट उचलायला चौघे लागले होते. त्यांतला एक आपण होऊ या. आमेन.