गाठीचे लाकूड आणि पोकळ भांडे



एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मनात विचारलेला असतो, पण दिंडीत चालताना तो कोणी मोठ्याने विचारत नाही. ज्याचे आयुष्य सरळ गेले नाही, ज्याच्या मनात गाठी बसल्या आहेत, ज्याला मध्यंतरी व्यसनाची, लबाडीची किंवा द्वेषाची कीड लागून गेली, तो माणूस देवाच्या कामाचा उरतो का? आणि उरत असेल, तर त्याने त्या गाठींचे करायचे काय? लपवायच्या, तासून काढायच्या, की तशाच मिरवायच्या?

या प्रश्नाकडे आज लाकडाच्या बाजूने पाहू. आपला घाटंजी तालुका सागाच्या रानाचा. शेजारी टिपेश्वरचे जंगल, मधून वाहणारी वाघाडी, आणि कापसाच्या वावरांच्या धुऱ्यांवर उभे आंबा, मोह, कडुनिंब. इथल्या माणसाला लाकूड पारखायला शिकवावे लागत नाही. सुताराकडे गेलो की आपण सरळ रेषेचे, बिनगाठीचे साग मागतो. दाराच्या चौकटीला ते योग्यच आहे. पण लाकडाचे काम चौकटीपुरते नसते. कातारी लाकूड फिरवून गोल वस्तू घडवतो. पूर्वी दोरीने फिरवायचा, आता विजेच्या लेथवर फिरवतो. कुंकवाचा करंडा, बुक्क्याची डबी, लाटणे, मृदंगाचे खोड हे सारे त्या फिरण्यातून येते. सावंतवाडीला पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत फळे आणि खेळणी याच रीतीने होतात. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे तुळशीच्या बारीक, गाठाळ काड्यांपासून आपल्या गळ्यातल्या माळेचे मणी घडवतात. त्या मण्याला आरपार भोक नसेल तर दोरा कशातून ओवणार?

आता गाठ म्हणजे काय ते पाहू. खोडातून जिथे फांदी फुटली, तिथे खोड पुढे वाढत राहिले आणि फांदीचा बुंधा त्याच्या पोटात गेला. तीच गाठ. आंब्यात ती असते, सागात असते आणि यंत्रांच्या खोक्यांतून आपल्याकडे येणाऱ्या पाईनच्या फळ्यांत तर जागोजागी असते. पाईनचे लाकूड मऊ, गाठ मात्र कडक. म्हणून पटाशी मऊ भागावरून सरसर जाते आणि गाठीवर आदळून उडते. कच्चा कारागीर तिथे जोर लावतो आणि लाकूड फाडून घेतो. जाणता कारागीर हात हलका करतो, हत्याराला पुन्हा धार लावतो आणि केसाएवढा पापुद्रा काढत पुढे जातो.

पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. फांदी जिवंत असताना खोडाने तिला पोटात घेतले, तर दोघांचे तंतू एक होतात. ती गाठ लाकडातच घट्ट राहते. फांदी आधीच वाळून मेली आणि मग खोड तिच्याभोवती वाढले, तर गाठ नुसती वेढलेली असते. लाकूड सुकले की ती सैल होते आणि एक दिवस गळून तिथे भोक पडते.

माउली, आपल्या मनातल्या गाठी या कसोटीवर लावून पाहा. आई गेल्याचे दुःख आहे, पण तिच्या आठवणीने डोळे भरतात आणि तिने शिकवलेला हरिपाठ आजही तोंडी आहे. ही जिवंत गाठ. ती आपल्याला दुबळे करत नाही. उलट भावाशी धुऱ्यावरून भांडण झाले, पंधरा वर्षे बोलणे नाही, त्या नात्यातला ओलावा कधीच सुकला, आणि आपण मात्र त्याभोवती घर बांधले, मुले वाढवली, माळही घातली. ही मेलेली गाठ. वरून दिसत नाही. पण आयुष्याची भिंत पातळ झाली, म्हातारपण आले, की नेमकी तिथेच सुटते.

आता किडीचे. आंब्याचा ओंडका पावसाळाभर ओल्या मातीवर पडून राहिला की त्यात बुरशी शिरते. एक नाही, अनेक. प्रत्येक बुरशी आपला भाग धरते आणि दुसरीशी जिथे गाठ पडते तिथे काळी हद्द आखते. ओंडका चिरला की नकाशासारख्या काळ्या रेषा दिसतात. आपण शेतकरी माणसे, धुऱ्याची रेघ लगेच ओळखतो. त्या रेषा सुंदर दिसतात, आणि अशा लाकडाचे भांडे लोक हौसेने घेतात. पण कातारी त्या लाकडाला हात लावण्याआधी एक गोष्ट करतो. ते वाळवतो. लाकडातला ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढ थांबते. वेळेवर वाळवले तर रेषा राहतात आणि सड थांबते. उशीर झाला तर लाकूड बोटाने भुगा व्हावे इतके पोकळ होते. मग लेथवर चढवून उपयोग नाही. शिवाय अशा लाकडाची धूळ छातीला अपायकारक, म्हणून कारागीर नाकातोंडाला फडके बांधतो.

इथे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, आणि ते थोडे कडू आहे. देव दोष पोटात घालतो, हे खरे. पण त्या आधारावर कोणी म्हणेल, की मी जसा आहे तसाच देवाला चालतो, तर ते ओले लाकूड लेथवर चढवणे झाले. बाटली चालू ठेवून वारी केली, तर वारीने सड थांबत नाही. आणि तिची धूळ आधी घरातल्या बायकामुलांच्या छातीत जाते. आधी वाळवणे. बाटली सोडणे, ज्याचे घेतले त्याचे परत देणे, ज्याला दुखावले त्याच्या दारात जाणे. त्यानंतर जुन्या रेषा पुसल्या जात नाहीत, आणि पुसायची गरजही नाही. व्यसनातून उठलेला माणूस गावातल्या पोराला दोन शब्द सांगतो, तेव्हा त्या काळ्या रेषाच त्याच्या बोलण्याला वजन देतात.

उरलेले अर्धे उत्तर पोकळ करण्यात आहे. भांडे घडवताना बाहेरचा आकार आधी होतो, आतले कोरणे नंतर. आपल्याकडेही तसेच: माळ, गोपीचंदन, एकादशी, वारी हा बाहेरचा आकार. त्याला नाव ठेवू नये. त्यावाचून आत शिरायला आधारच नाही. पण तेवढ्यावर थांबला तर तो नक्षीचा ओंडका झाला, भांडे नव्हे. ओल्या लाकडाचे भांडे एका दमात पातळ करत नाहीत. 10 इंच व्यासाचे असेल तर भिंत 1 इंच ठेवून ते काही महिने वाळू देतात. वाळताना ते थोडे वाकडे होते. मग पुन्हा फिरवून गोल करतात आणि भिंत हळूहळू 3-4 मिलिमीटरपर्यंत आणतात. म्हणून नव्याने माळ घातलेल्याकडून पहिल्याच वर्षी पातळ भिंतीची अपेक्षा करू नका. तो वाळताना वाकडा होईल. त्याला टाकू नका, पुन्हा फिरवा.

तोंड अरुंद असेल तर आत हत्यार कुठे चालले ते दिसत नाही. कारागीर आवाज ऐकतो, यंत्र थांबवून बोटाने भिंत चाचपतो. जाडी सगळीकडे सारखी हवी. एकीकडे जाड, एकीकडे पातळ राहिली तर भांडे तडकते. देवळात लीन आणि मजुराशी उर्मट अशी भिंत टिकत नाही.

आणि थांबायचे कुठे? अहंकार कोरायचा म्हणून सगळेच कोरले तर भांडे उरत नाही. वारकरी पंथाने घरदार सोडायला सांगितले नाही. आपला प्रपंच ही ती भिंत आहे. ती जाड ठेवली तर आत देवाला जागा नाही, आणि फोडली तर देव राहणार कशात?

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण ऐकलेली आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. ही कथा ऐकताना आपण एक गोष्ट विसरतो. कच्चे म्हणजे टाकाऊ, असे कोणी म्हटले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि ज्यांना कच्चे म्हटले होते त्यांच्या नावाची पायरी आज महाद्वारात आहे.

शेवटी एक साधी गोष्ट. गाठ गळून भोक पडलेले भांडे पाणी धरत नाही. त्यात बुक्का किंवा अक्षता मात्र ठेवता येतात, भोक लहान असेल तर लाखेने बुजवून. कारागीर ते बुजवतो, पण गिऱ्हाइकाला दाखवून. आपणही एवढे करावे. या आषाढीपूर्वी एकांतात बसून आपली मेलेली गाठ कोणती ते ओळखावे, आणि ती आपोआप गळण्याची वाट न पाहता त्या भावाच्या, त्या शेजाऱ्याच्या दारात जावे. तो दार उघडेल की नाही, ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते जाणे. मग पंढरीची वाट.

रामकृष्णहरी.