आवड उद्यावर टाकता येते काय?

शालेय शिक्षणाची अखेरची दोन वर्षे मुलाच्या मनाला जे वळण देतात, ते पुढे सहसा पालटत नाही, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे. म्हणून त्या वर्षांत मुलाच्या आवडीचे काय करावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो नीतीचाही आहे.

आमच्या मराठवाड्यात लातूरने या प्रश्नाचे उत्तर फार निःसंदिग्धपणे दिले. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या नावाशी निगडित असलेला 'लातूर पॅटर्न' सर्वश्रुत आहे. अभ्यासक्रम लवकर संपवावा आणि मग चाचणीमागून चाचणी घेऊन चुका निपटून काढाव्यात, हे त्याचे सार. नांदेडनेही तोच मार्ग धरला. २०२५ च्या 'नीट' परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट! तेथे चिंतनापेक्षा सरावाची किंमत अधिक ठरावी, यात नवल ते काय?

या पद्धतीस नाके मुरडणे सुखवस्तू माणसास शोभत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास वैद्यकीय महाविद्यालयाचे दार तिनेच उघडून दिले आहे. परंतु त्यासाठी मोबदला काय द्यावा लागतो, हेही पाहिले पाहिजे.

नांदेडला असताना बारावीतील एक मुलगा पदार्थविज्ञानाच्या वहीखाली इतिहासाचे पुस्तक लपवून वाचताना मला आढळला. "हे सारे परीक्षेनंतर," असे सांगून मी ते ग्रंथालयात परत करावयास लावले. माझा हेतू शुद्ध होता. तो मुलगा आज डॉक्टर आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा मी त्याला वाचनाविषयी विचारले. तो म्हणाला, "सर, आता पुस्तके विकत घेता येतात; पण वाचावेसे वाटत नाही." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

याच नांदेडात नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) होऊन गेले. हैदराबादेस शिकत असता अवांतर वाचनापायी ते इंटरच्या परीक्षेत नापास झाले. पुढे शाळेत शिक्षक, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व अखेरीस प्राचार्य झाले. इतिहास, राजकारण, नाट्यशास्त्र या सर्वांत त्यांचा अधिकार मानला गेला. यावरून नापास होणे हा गुण ठरत नाही. त्यांच्या मागे मामा ना. गो. नांदापूरकर यांच्यासारखा विद्वान कवी होता. प्रत्येकास असा आधार कोठून मिळणार? परंतु एवढे खरे की, ज्या वयात जिज्ञासा जागी होते त्याच वयात तिला अन्न मिळाले, तर ती जन्मभर सोबत करते.

आवड म्हणजे पेटीत ठेवलेले दागिने नव्हेत, की दोन वर्षांनी काढले तरी तसेच असावेत. ती रोपासारखी आहे. पाणी उद्यावर टाकले की ती उद्यापर्यंत राहतेच असे नाही. मुलाने परीक्षेसाठी दहा तास खुशाल द्यावेत. परंतु ज्याला गुण नाहीत असा एक तास त्याच्या हाती राहू देणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. मी तो एका मुलाकडून हिरावून घेतला. त्याने मला दोष दिला नाही. परंतु त्यामुळे मी निर्दोष ठरत नाही.