गुळाच्या गावात पथ्य

शुगर निघाली की आमच्या केडगावात डॉक्टरांच्या आधी सल्ले येऊन पोचतात. कुणी म्हणतं, दोनच वेळा जेवा, मधे काही नको. कुणी म्हणतं, दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा, पोट रिकामं ठेवू नका. कुणी भात बंद करायला सांगतं, कुणी गहू. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड ही तर घरोघरची. माझा रिपोर्ट आल्यावर हे सगळं मीही ऐकलं. ज्या सल्ल्यात माझं कमीत कमी बदलणार होतं, तोच मला जास्त शास्त्रशुद्ध वाटू लागला, हे ध्यानात आलं आणि मी थांबले. कोणता आहार श्रेष्ठ हे ठरवायचा माझा अभ्यास नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवलं, घरी ऊस आहे, आणि आता टाइप टू मधुमेह आहे. पण अमुक आहार मी का निवडते आहे, हे मला माझ्या मनाला विचारता येतं. ते काम माझ्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

महाराष्ट्रात हा वाद चांगलाच रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून जो विचार सांगत, तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेला. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा एवढंच. दर खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, असं त्यांचं म्हणणं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं वेगळं. थोडं थोडं, ठरावीक अंतराने खा. घरचं, हंगामातलं, आजी खायची ते खा. तूप आणि भाताला भिऊ नका. २०१८ च्या सुमारास घराघरांत यावरून तट पडले होते. आमच्या भिशीतही दोन बाजू झाल्या आणि चहा कोणी घ्यायचा यावरून रुसवेफुगवे झाले.

गावापर्यंत मात्र दोन्ही गोष्टी अर्ध्याच पोचल्या. दीक्षितांचं उरलं ते एवढंच, की दोनदा जेवा आणि हवं ते खा. मधुमेह असणाऱ्यांना ते गोड बंद करायला सांगतात, जेवणाच्या सुरुवातीला सुकामेवा, कच्च्या भाज्या आणि मोड आलेली कडधान्यं घ्यायला सांगतात, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगतात, हा भाग वाटेतच गळून पडला. दिवेकरांचा तूपभात तेवढा राहिला, बाकीची शिस्त गेली. मला दोन वेळांचं पटलं ते कशामुळे, हे विचारलं तेव्हा उत्तर सरळ आलं. त्यात स्वयंपाकघरातलं काहीच हलवावं लागत नव्हतं. भाकऱ्या तितक्याच, भाजी तितकीच, वाढण्याची पद्धत तीच. बदल फक्त घड्याळात. मला शास्त्र पटलं होतं की सोय पटली होती, या प्रश्नावर मी बरेच दिवस अडून राहिले.

वाचायची सवय आहे म्हणून वाचलं. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१९ मध्ये तज्ज्ञांकडून आहारांचा आढावा घेतला. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आहार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण चालणाऱ्या बहुतेक पद्धतींत तीन गोष्टी सारख्या निघाल्या: पिष्ट नसलेल्या भाज्या भरपूर, वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी कोंडा काढलेली, पॉलिश केलेली धान्यं कमीत कमी, आणि पाकिटातल्यापेक्षा मूळ रूपातलं अन्न. आपल्याकडे आयसीएमआरच्या इंडियाब या मधुमेह-पाहणीवर आधारलेला २०२२ चा अभ्यास सांगतो की आपल्या जेवणातली बहुतांश ऊर्जा, साधारण ६० ते ७५ टक्के, पिष्टातून येते. नव्याने मधुमेह झालेल्यांनी ती ५० च्या आसपास आणून प्रथिनं २० टक्क्यांपर्यंत वाढवली तर साखर ताळ्यावर येण्याची शक्यता बरीच वाढते, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे दोनदा की सहादा, या भांडणाच्या आधी ताटात काय आहे हा प्रश्न येतो. आणि तो मी टाळत होते, कारण ताटाला हात घातला की घराला हात घालावा लागतो.

'तुम्ही तर बारीक, तुम्हाला कशी शुगर?' हे मला आजही विचारतात. याचं उत्तर आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्याच्या अंगाने मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय तिथे वढूला आहे. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण या लहानखुऱ्या बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. कमी पडले होते ते स्नायू. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा जोडीने फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे, असे आपण आहोत.

हे वाचताना मला आमच्या गावातल्या मुक्ती मिशनची आठवण झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या, त्यांना इथे केडगावात वाढवलं, शिकवलं. आज आमच्या गावात कालवा आहे, बारमाही ऊस आहे, चौफुल्याकडे जाताना दोन्ही बाजूंनी वडापावच्या आणि चहाच्या टपऱ्या आहेत. पोटात असताना कमी मिळालेलं शरीर पुढे भरपूर मिळालं की साखर पेलू शकत नाही, असं डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडलं. माझ्या आईने मी पोटात असताना काय खाल्लं असेल, याचा अंदाज मला आहे. दुष्काळी पट्ट्यातली मिलो ज्वारी आणि चटणी.

आता ताटाकडे येते.

आमच्याकडे रात्री आधी यांचं ताट होतं, मग मुलाचं, नातवाचं. शेवटी सून आणि मी. तोवर पातेल्यात मेथीची भाजी कडेला लागलेली दोन घास उरते, आमटीतलं डाळीचं घट्ट वर आलेलं संपून खाली पातळ राहतं, मोड आलेल्या मटकीच्या उसळीचा फक्त रस्सा. टोपलीत भाकऱ्या मात्र भरपूर असतात. बाईच्या वाट्याला कायम पिष्ट येतं, आणि वर रात्रीचा उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून सकाळी फोडणीचा भातही तीच खाते. मधुमेहाचं कुठलंही पथ्य घ्या, ते याच्या बरोबर उलट मागतं. भाजी आणि डाळ आधी आणि जास्त, भाकरी शेवटी आणि मोजकी. ज्या घरात बाई शेवटी जेवते, तिथे बाईचं पथ्य कागदावरच राहणार.

पुरुषाला शुगर निघाली की त्याची भाकरी वेगळी होते, भाजी वेगळी होते, डब्यात काकडी जाते. सगळं घर त्याच्या पथ्याला लागतं. माझ्यासाठीही ते होऊ लागलं. सुनेने आपणहून विचारलं, "आत्या, भाजी तुम्हाला सगळी वाढू का? मला चटणी-भाकरी चालते." ती मनापासून बोलली. तिला सहावा महिना चालू आहे. याज्ञिकांच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं की ज्या गर्भार बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं जन्माला येताना मोठी होती. तिच्या ताटातली मेथी माझ्या ताटात येणं म्हणजे माझा आजार मी नातवंडाकडे सरकवणं. कुणाच्या वाट्यातून येतं हे न विचारता पाळलेल्या पथ्याला पथ्य म्हणायला माझं मन तयार नाही.

मग पातेलं मोठं केलं. भाजी सगळ्यांना पुरेल एवढी, कडधान्य रोज, आठवड्यातून काही वेळा अंडी, आणि ताटं सगळ्यांची एकदम. यांना सुरुवातीला अवघड गेलं. चाळीस वर्षांची सवय. पण भाजीचा खर्च वाढला तो त्यांनी न कुरकुरता उचलला, हे सांगायला हवं.

गुळाचं मात्र त्याहून अवघड आहे.

आमचा बराचसा ऊस कारखान्याला जातो, काही गुऱ्हाळाला. गुऱ्हाळ मला लहानपणापासून आवडतं. काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी धरते, ती काढत राहायची, भेंडीच्या चिकाने रस निवळत जातो, रंग गडद होतो, गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी बघतो आणि हात वर करतो. त्या वासावर आमचं घर उभं राहिलं, मुलाचं शिक्षण झालं. आणि आता जो तो गुळाचा चहा घेतो. शुगर असलेले लोक मला विचारतात, "बाई, गूळ तर चालतो ना? नैसर्गिक आहे."

नाही चालत. गुळात थोडं लोह असतं, काही खनिजं असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे, आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. चमचाभर गुळातल्या लोहासाठी मधुमेह्याने ती किंमत देऊ नये. लोह पालेभाजीत आहे, हरभऱ्यात आहे. हे मला माहीत असताना, समोरचा विचारत असताना, गप्प बसायचं की बोलायचं? गप्प बसण्यात आमचा फायदा आहे. एवढं कळल्यावर गप्प बसण्याला दुसरं काही कारण आहे असं मी स्वतःला सांगू शकत नाही.

यांनी विचारलं, "आपल्याच मालाला नावं ठेवणार का?" मी या प्रश्नावर खूप विचार केला. ऊस सोडावा का, इथपर्यंत गेले. कालव्याचं पाणी, कांद्याच्या भावाची दरवर्षीची धाकधूक, भाजीपाल्याला लागणारी माणसं, हे सगळं पाहता ऊस सोडणं आम्हाला आज शक्य नाही, आणि ज्याला मधुमेह नाही त्याने सणाला पोळी खाल्ली तर त्यात माझ्या मनाला बोचण्यासारखं काही नाही. पण ऊस लावणं वेगळं आणि गूळ मधुमेह्याला निर्धोक म्हणून खपू देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीत मी नाही. आता विचारलं की सरळ सांगते. यांच्यासमोरही सांगते.

उपवासाचं फार बोलत नाही. एकादशी आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर वाढवायची आणि त्याला व्रत म्हणायचं, हे माझ्या श्रद्धेत बसत नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. विठोबाशी त्याचं काही जुनं नातं नाही. मी त्या दिवशी ताक, शेंगदाणे आणि थोडं फळ घेते. दत्तजयंतीला इथल्याच नारायण महाराजांच्या बेटावर दर्शनाला जाते, प्रसाद कपाळाला लावते, चिमूटभर तोंडात टाकते, बाकी नातवाला देते.

आणि शेवटी निवडलं काय? दोनदा जेवणं मला करता येणार नाही. मला जी गोळी चालू आहे ती पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढते. डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितलं. म्हणून तीन वेळा, ठरलेल्या वेळी. आधी भाजी आणि उसळ, मग एक भाकरी, बाजरीची किंवा ज्वारीची. भाकरी बाजरीची आहे म्हणून दोन खायच्या नाहीत. चहा बिनसाखरेचा, आणि त्याबरोबर खारी नाही. जेवणानंतर स्टेशनच्या रस्त्याने चालणं. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, कारण बोटाला टोचून बघितलेली साखर त्या घटकेची असते आणि ती तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते. तो आकडा माझ्या मताची पर्वा करत नाही. माझं पथ्य चुकीचं निघालं तर तिथे दिसेल, आणि तेव्हा ते बदलायचं, त्याची बाजू घेऊन भांडायचं नाही.

ज्या मैत्रिणींना दोन वेळांचं पचतं, मानवतं, आणि ज्यांचे डॉक्टर त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत, त्यांनी ते जरूर करावं. त्यांच्याशी माझा वाद नाही.

मला दोनच विनंत्या करायच्या आहेत. घरात बाईची शुगर निघाली तर आजपासून तिला तुमच्या पंगतीत, पहिल्या वाढीला बसवा, आणि घरातल्या पोटुशीलाही. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर कुणाचंही ऐकून, मी इथे लिहिलेलं वाचूनसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नका.