न्हाव्याचा नकार

ज्याच्या हाती कसब आहे त्याने ते एखाद्या मनुष्यास नाकारावे काय? वैद्य किंवा शिक्षक ह्यांच्याविषयी हा प्रश्न पुष्कळदा विचारण्यात येतो, न्हाव्याविषयी क्वचितच. तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या धंद्यात जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र दिसत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्याचे काम पाहू. जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक असे. दिवस उजाडताच धोकटी घेऊन तो घरोघर जाई. तीत वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नराणी, पाण्याची वाटी व आरसा इतकाच त्याचा संसार. मोबदला बहुधा रोख नसे. सुगीत खळ्यावर धान्य मिळे. आता बाजारच्या गावी त्याचे दुकान असते, फिरती खुर्ची असते, आणि वस्तरा चामड्यावर परजण्याऐवजी तो नवे पाते घालतो. पण श्रम तेच. दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, वाकून मान अवघडते, आणि बाजाराच्या दिवशी जेवावयासही सवड मिळत नाही. जो मनुष्य शेजाऱ्याच्या हाती घराची किल्ली देणार नाही, तो आपला गळा ह्याच्या पात्याखाली निर्धास्तपणे देतो. असे असता त्याच्याच धंद्याचे नाव आपण शिवीसारखे उच्चारतो, हा केवढा कृतघ्नपणा!

ह्या वस्तऱ्याने दोन प्रकारचे नकार दिले आहेत. पहिला नकार आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्यास त्यांचे केस थोरली बहीण कापीत असे. गावात न्हावी होते, घरी पैसाही होता. पण अस्पृश्याच्या डोक्यास हात लावावयास कोणी तयार नव्हता.

दुसरा नकार इ. स. १८९० मधील आहे. त्या वर्षी मुंबईत 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने न्हावी मंडळी एकत्र जमली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. ह्या कामाची त्यांस मजुरी मिळत असे. ती त्यांनी सोडली.

नकार दोन्ही, मग एक निंद्य व दुसरा वंद्य का? कोणी म्हणेल, "ज्याचा हात त्याची मर्जी." पण मर्जी हे न्यायाचे माप नव्हे. पहिल्या नकारात दुर्बळाचा अपमान होता, आणि नाकारणाऱ्याचे बलुते सुरक्षित राहत होते. दुसऱ्या नकारात दुर्बळाचे रक्षण होते, आणि नुकसान नाकारणाऱ्याने सोसले. ज्या नकाराची किंमत आपण स्वतः देतो, आणि ज्याने दुसऱ्याची मान ताठ होते, तोच विवेकाचा नकार होय.

तथापि सारा दोष न्हाव्याच्या माथी मारणे हाही अन्याय होईल. त्याने अस्पृश्याची हजामत केली असती, तर इतर घरांनी त्याचे बलुते बंद केले असते. नकार त्याच्या तोंडून निघे. पण तो ज्यांच्या धाकाने निघे, ते ओट्यावर मुकाट्याने बसलेले असत.

इ. स. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. तरी काही खेड्यांतून अद्यापि तक्रारी ऐकू येतात. कारण कायदा दुकानाचे दार उघडू शकतो. खुर्चीवर बसलेल्याचे मन उघडणे हे त्याचे काम नव्हे.

यास्तव, प्रिय वाचकहो, ह्या प्रश्नाचा अर्धा भाग आपल्याकडे येतो. ज्या खुर्चीवर आपण बसतो तिच्यावर गावातील कोणास बसू देत नाहीत, हे आपण कधी विचारले आहे काय? ज्यांस काल दारातून परत लावले होते, त्यांनी आज आत जागा मिळताच मागे उभ्या असलेल्यास विसरावे, ह्याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? आणि एखादा न्हावी सर्वांस सारखेच बसवितो म्हणून त्याची गिऱ्हाइके तुटू लागली, तर आपण त्याच्याच दुकानी जावे व त्याचे दाम वेळेवर द्यावे. त्याच्या धैर्याची किंमत त्याला एकट्याला देऊ देणे योग्य नाही.